चार बुडखे आणि एक जेसीबी

पत्राचा सारांश : आमचा सांगलीत जुना बंगला आहे. अंगणात चार झाडांचे बुडखे राहिलेत. पुढे पोर्चपासून नऊ फुटांवर गुलमोहर. तो दोन वर्षांपूर्वी वळवाच्या वाऱ्यात पडला आणि जमिनीलगत कापला. कंपाउंडच्या भिंतीपासून फुटभर अंतरावर सुबाभूळ, ती कितीदा तोडली तरी फुटते. मागे स्वयंपाकघराच्या भिंतीपासून चार फुटांवर, ड्रेनेजच्या चेंबरशेजारी नारळ. आणि मागच्या कोपऱ्यात सासऱ्यांनी लावलेला आंबा. भिरूड (खोड पोखरणारी अळी) लागून तो वाळला, गेल्या वर्षी परवानगी काढून तोडला. पुण्याहून मुलगा सांगतो, एक दिवस जेसीबी बोलवा, चारही मुळासकट उपटा आणि पुढे पेव्हिंग ब्लॉक घालून गाडीची जागा करा. शेजारी म्हणतात, भोकं पाडून ॲसिड ओता, नाहीतर मीठ भरा. एक मशीनवाला चारही बुडखे किसून द्यायला तयार आहे. यजमानांचं एकच, आंब्याला हात लावायचा नाही. फाटक दहा फुटांचं आहे, मागे जायचा बोळ साडेतीन फुटांचा. पाण्याची लाइन फाटकातून गुलमोहराजवळूनच आत येते. मला धास्ती अशी, की मुळं जमिनीत राहिली तर उद्या घराचा पाया उचलतील का?

ताई, नमस्कार.

तुमच्या धास्तीपासूनच सुरुवात करते, कारण घरातले बाकीचे वाद तिच्याच पोटातून निघालेले दिसतात. मेलेलं मूळ वाढत नाही. पाया उचलायला मुळाला जाडी धरावी लागते आणि जाडी धरायला वर पानं लागतात. गुलमोहर, आंबा, नारळ या तिघांना आता पानं नाहीत. चौघांत जिवंत आहे ती एकटी सुबाभूळ, आणि तिला कोणी घाबरत नाही कारण ती दिसायला बारीक.

मेलेल्या मुळांचा त्रास वेगळा असतो. ती कुजतात, जागा पोकळ होते आणि वरची फरशी किंवा ब्लॉक खचतो. कुजणाऱ्या लाकडाला वाळवी लागते आणि लाकूड भिंतीला लागून असेल तर ती घराकडे वळू शकते. तिसरी गोष्ट तुमच्याकडच्या काळ्या मातीची. मोठं झाड वर्षानुवर्षं जमिनीतलं पाणी ओढत असतं. ते गेलं की पायाजवळची माती पूर्वीपेक्षा ओली राहते आणि काळी माती ओली झाली की फुगते. झाड गेल्यावर वर्ष-दोन वर्षांनी खिडकीच्या किंवा दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते ती बऱ्याचदा यामुळे. लोक तिचा आळ बुडख्यावर घेतात. बुडखा उपटला काय आणि ठेवला काय, या फुगण्यात फरक पडत नाही. अशी चीर दिसली तर लगेच पुट्टी भरू नका. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी खूण करून तारीख लिहा. दोन पावसाळ्यांनंतरही ती खुणेच्या पुढे सरकत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आता ‘मुळासकट’ या शब्दाकडे येऊ. मुलाचं म्हणणं समजतं. त्याला एका दिवसात, एका बिलात काम संपवायचंय. पण चारही बुडख्यांना एकच औषध लावायचं, हे कुठून आलं? बुडखा कसा काढायचा हे झाडावर अर्धंच ठरतं. उरलेलं अर्धं ठरतं त्या जागी पुढे काय होणार यावर. वर गाडी उभी राहणार असेल तर एक उत्तर, फुलझाडं लावायची असतील तर दुसरं, आणि काहीच करायचं नसेल तर बऱ्याचदा बुडखा तिथेच राहू देणं हे उत्तर.

जेसीबीचं आधी निकालात काढू. नेहमीचा बॅकहो जेसीबी सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद असतो, म्हणजे सात फुटांच्या वर. तुमच्या साडेतीन फुटांच्या बोळातून तो जाणार नाही, म्हणजे नारळ आणि आंब्यासाठी मागची भिंत पाडावी लागेल. पुढच्या गुलमोहरापर्यंत तो पोचेल, पण तिथे पाण्याची लाइन आहे. शिवाय जेसीबी बुडखा उपटतो तो मुख्यतः तरफेच्या जोरावर. चार-पाच फूट खोड उभं असेल तर बकेटनं ते ढकलून मुळं मोडता येतात. जमिनीलगत कापलेल्या बुडख्याला पकडच नसते. मग चौफेर सहा-आठ फूट व्यासाचा आणि तीन-चार फूट खोल खड्डा घ्यावा लागतो, आणि ओढताना एखादं मूळ पाइपाला किंवा पोर्चच्या पायाला वेढा घालून असेल तर तेही सोबत येतं. एवढा खड्डा काळ्या मातीनंच बुजवला तर पुढचे दोन पावसाळे तिथे तळं साचेल. (ज्यांचं झाड अजून तोडायचं आहे त्यांनी हे आधीच ठरवावं. उपटायचं असेल तर तोडणाऱ्याला चार फूट खोड ठेवायला सांगा, मशीननं किसायचं असेल तर जमिनीलगत कापायला. तोडणारा निघून गेल्यावर ही गोष्ट बदलता येत नाही.)

तुमच्या चौघांपैकी स्टंप ग्राइंडरचं खरं काम आहे ते गुलमोहरावर, म्हणून त्यावर जरा थांबू.

हे मशीन बुडखा उपटत नाही, खरवडतं. इंजिनावर फिरणाऱ्या जाड चाकाला कार्बाइडचे दात असतात. ते चाक बुडख्यावर डावीकडून उजवीकडे फिरवत दर फेरीला दोन-तीन सेंटिमीटरचा थर काढत खाली जातं. हातानं ढकलायची लहान मशीनं अडीच-तीन फुटांच्या वाटेतूनही जातात आणि साधारण एक फूट खोल पोचतात. मुळं जमिनीत तशीच राहतात. मशीन नाहीसा करतं तो फक्त मधला गड्डा आणि मुळांची सुरुवात.

तर प्रश्न खोलीचा. हिरवळ लावायची असेल तर जमिनीखाली १५ सेंटिमीटर पुरे. पेव्हिंग ब्लॉकला तेवढं पुरत नाही. गाडीसाठी ८ सेंटिमीटर जाड ब्लॉक, खाली ४ सेंटिमीटर कच (दगडाचा चुरा) किंवा वाळू आणि त्याखाली निदान २० सेंटिमीटर दाबलेला मुरूम धरा. बेरीज ३२ होते. मशीनवाला ‘एक फूट किसतो’ म्हणाला तर तुमच्या मुरुमाच्या तळाला लाकूड लागलेलंच राहील. गुलमोहराचं लाकूड मऊ, ते काही वर्षांत कुजून बसतं आणि नेमकं चाकाखालीच ब्लॉकला घळ पडते.

याला सोपा तोडगा आहे, फक्त कामाचा क्रम उलटा करायचा. बहुतेक जण आधी बुडखा किसून घेतात आणि मग पेव्हिंगवाला येऊन खोदाई करतो. तुम्ही खोदाई आधी करून घ्या. गाडीच्या जागेची पूर्ण ३२ सेंटिमीटर माती आधी काढली की बुडखा तेवढा उघडा पडतो आणि त्याचा वरचा भाग चेन सॉनं कापून काढता येतो. मग मशीन त्या खालच्या पातळीवर उतरवून आणखी १५ ते २० सेंटिमीटर किसायचं. मशीनच्या आवाक्यातच काम राहतं आणि लाकूड मूळ जमिनीच्या जवळजवळ दीड फूट खाली जातं. खोदाईत एक फायदा आणखी. गुलमोहराची मुळं वरवरून, दोरखंडासारखी लांबवर जातात, ती सगळी नजरेला पडतात. पेव्हिंगच्या हद्दीतली मनगटाहून जाड मुळं काढून घ्या, बारीक सोडून द्या. पोर्चकडे गेलेलं मूळ असेल तर ते ओढायचं नाही. पोर्चपासून दोन-अडीच फूट अलीकडे करवतीनं तोडायचं आणि पुढचा तुकडा तिथेच राहू द्यायचा.

पाण्याची लाइन नक्की कुठून जाते हे खोदाईच्या आधी शोधा. मीटर आणि नळाची पहिली तोटी यांच्यामध्ये सरळ रेषा असेलच असं नाही. दोन ठिकाणी हातानं, कुदळ न वापरता फावड्यानं, आडवी चर घेऊन पाइप डोळ्यांनी बघा आणि त्यावर चुना टाका. तीच गोष्ट महावितरणच्या केबलची आणि अर्थिंगची. अर्थिंगच्या खड्ड्यावर छोटं झाकण असतं, ते वर्षानुवर्षं मातीखाली गेलेलं असतं आणि कोणाला आठवत नाही. तुमच्याकडे पाइपचा गॅस आला असेल तर त्यांच्या माणसाला आधी बोलवा.

किसताना काय बिघडतं ते सांगते, म्हणजे मशीनवाल्याशी बोलताना तुमची बाजू पक्की राहील. पहिला शत्रू दगड. बुडख्याभोवती कधीकाळी पार किंवा विटांची कड असेल तर तिचा एकेक तुकडा वेचून काढा. कार्बाइडचा दात कठीण असतो पण ठिसूळही असतो, काळ्या दगडावर आदळला की टवका उडतो. दुसरा शत्रू लोखंड. गुलमोहराला कपड्यांची तार किंवा झोपाळ्याचा हूक असायचा का, आठवून बघा. झाड वाढताना असं लोखंड पोटात घेतं आणि बाहेरून काही दिसत नाही. तिसरी चूक घाईची. एका फेरीत चाक खोल दाबलं की पट्टा घसरतो, मशीन उसळतं आणि जळका वास येतो. बोटाच्या पेराएवढ्या ढलप्या पडायला हव्यात. मैद्यासारखा भुसा पडत असेल तर दात बोथट झालेत.

काम चालू असताना खडे गोळीसारखे उडतात. चालवणाऱ्याला चष्मा, कानाला मफ, जाड बूट हवेत. बाकी सगळ्यांनी निदान पन्नास फूट लांब जायचं, आणि अंगणात तेवढी जागा नसेल तर घरात. पोर्चच्या काचेसमोर प्लायवूडच्या दोन शीट उभ्या करा, गाडी बाहेर काढा. दोन वर्षांचा बुडखा आतून पोकळ झालेला असू शकतो, त्यात साप किंवा मुंगळ्यांचं घर सापडणं नवीन नाही. आदल्या दिवशी लांब काठीनं ठोकून बघा.

खोली मोजायची कशी? ढलप्यांचा ढीग खड्ड्यात साचत राहतो आणि वरून पाहता काम झाल्यासारखं दिसतं. दर पाच-सहा इंचांना मशीन थांबवून ढलप्या बाजूला काढायला लावा. खड्ड्यावर सरळ फळी आडवी ठेवून टेपनं मधोमध आणि चार कडांना मोजा. कडा नेहमी उथळ राहतात. ढलपीचा रंग लाकडाचा जाऊन मातीचा आला की त्या जागी लाकूड संपलं असं समजा.

भाव ठरवताना पहिला प्रश्न विचारायचा : माप कुठे घेणार? कापलेल्या तोंडाचा व्यास आणि जमिनीशी मुळांच्या फाकण्यासह येणारा व्यास यांत गुलमोहराच्या बाबतीत दीडपटीपर्यंत फरक पडतो. वर अडीच फूट दिसणारा बुडखा खाली पावणेचार फूट भरू शकतो. सुतळीनं घेर मोजून ३.१४ नं भागा, दोन्ही आकडे लिहून ठेवा. मग खोली, वरवरची मुळं धरून की सोडून, ढलप्या कोण नेणार आणि दगड लागून दात तुटला तर खर्च कोणाचा, एवढं चिठ्ठीवर लिहून घ्या. चार बुडख्यांचा ठोक भाव मात्र घेऊ नका. तुम्हाला चारची गरजच नाही.

ढलप्या किती निघतात याचा अंदाज लोकांना नसतो. लाकूड किसलं की अडीच पटीनं फुगतं, त्यात माती मिसळते. या एका बुडख्याचा पाव ते अर्धा ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माल होईल. तो खड्ड्यात परत लोटून वर माती टाकणं ही या कामातली सगळ्यात जास्त केली जाणारी चूक, कारण ते सोपं असतं आणि त्या दिवशी छान दिसतं. पेव्हिंगखाली ढलपीचा कणही राहता कामा नये. खड्डा रिकामा करा आणि मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांनी भरा. प्रत्येक थर ओलसर करून धुमसानं किंवा प्लेट कॉम्पॅक्टरनं दाबा. मुठीत दाबल्यावर मुरमाचा लाडू वळला पाहिजे, पाणी गळता कामा नये. निघालेली काळी माती इथे वापरायची नाही, ती मागच्या बागेत न्या.

ढलप्यांचा उपयोग आहे. झाडांच्या आळ्यात वरून दोन-अडीच इंचांचा थर पसरा, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवून. मातीत मिसळू मात्र नका. लाकडात कर्ब भरपूर आणि नत्र नावाला असतं. ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. मिसळायच्याच असतील तर आधी कुजवा. घनमीटरभर ढिगाला चार-पाच घमेली शेण आणि दोन-तीन किलो युरिया पाण्यात कालवून थराथरानं द्या, ओल राखा, महिन्या-दोन महिन्यांनी ढीग पालटा. आणि हा ढीग घराच्या भिंतीला टेकवून घालू नका, वाळवीला आमंत्रण नको.

नारळावर मशीन लावायचंच नाही. त्याचं लाकूड धाग्यांचं. ते चाकाभोवती गुंडाळतं आणि दर थोड्या वेळानं मशीन बंद करून धागे सोडवत बसावं लागतं. नारळाला सोटमूळ नसतं. बुडाच्या गड्ड्यातून करंगळीएवढ्या जाडीची शेकडो तंतुमुळं निघतात आणि ती आयुष्यभर तेवढीच जाड राहतात. म्हणून पाया उचलण्याचा आरोप त्याच्यावर टिकत नाही. दोन गडी, पहार, कुऱ्हाड आणि धार लावलेलं फावडं, दिवसभराचं काम. बुडाभोवती दीड फूट रुंद चर घ्यायची, दिसतील ती मुळं तोडत दोन-अडीच फूट खाली जायचं. मग गड्डा हलू लागतो. चेंबरच्या बाजूनं चर सगळ्यात शेवटी घ्या आणि तिथे पहार मारू नका. गड्डा जड असतो, अखंड बाहेर काढायचा हट्ट न धरता खड्ड्यातच फोडून तुकडे काढा.

तो कुजायला ठेवावा असंही कोणी सुचवेल. तुमच्याकडे किंवा शेजारी आणखी नारळ असतील तर ठेवू नका. कुजणारं नारळाचं खोड आणि शेणखताचे ढीग ही गेंड्या भुंग्याची वीण घालायची आवडती ठिकाणं. आणखी एक पाहा. बुडाशी कधी तपकिरी, चकचकीत, कठीण भूछत्र आलं होतं का? तसं असेल तर तो बुरशीचा रोग आहे, ती बुरशी बुडख्यात आणि मुळांत टिकून राहते. मग गड्डा मुळांसह काढायचा, आणि त्याच खड्ड्यात नवा नारळ लावायचा नाही. या एका बाबतीत मुलाचं ‘मुळासकट’ बरोबर ठरेल.

सुबाभूळ भिंतीपासून फुटावर. तिथे ग्राइंडरच्या चाकाला झुकायला जागा नाही आणि उपटली तर भिंतीची बैठक हलेल. ती फुटते कुठून हे बघितलं की काम सोपं होतं. धुमारे येतात ते जमिनीलगतच्या बेचक्यातून, जिथे खोड संपून मूळ सुरू होतं तिथून. तो भाग गेला की दम जातो. भिंतीच्या उलट बाजूनं फूटभर खोल खड्डा घ्या, पाणी मारून मुळावरची माती धुवा (मातीनं करवतीची धार मिनिटात जाते) आणि जमिनीखाली निदान २० सेंटिमीटरवर सोटमूळ हातकरवतीनं आडवं कापा. वरचा ठोकळा काढून घ्या, खालचं तिथेच राहू दे. भिंतीच्या पायाच्या खाली खोदू नका, आणि खड्डा पावसाळ्यात उघडा ठेवू नका.

एवढंही नको असेल तर धुमारे दर पंधरा दिवसांनी बुडापासून ओरबाडून काढा. कापू नका, कापले की दुप्पट येतात. दोन पावसाळे नेमानं केलं तर मुळातला साठा संपतो. नेम मोडला की पहिल्यापासून सुरुवात. पाला शेजारच्या शेळीला घाला, आवडीनं खाईल, फक्त रोजचा चारा तोच करू नये. तणनाशकाचा सल्ला तुम्हाला मिळेलच. ते लागू पडतं ताज्या कापावर, काही मिनिटांच्या आत, सालीलगतच्या कड्यावर लावलं तर. जुन्या, वाळलेल्या तोंडावर ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं. आणि ग्लायफोसेट या तणनाशकाबाबत केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनं त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच करण्याचं बंधन घातलं, म्हणून बाटली आणून स्वतः लावण्याचा मार्ग धरू नका.

शेजाऱ्यांचे उपाय थोडक्यात. ॲसिडनं लाकूड विरघळत नाही, वरून काळं पडतं. ते झिरपून चेंबरच्या सिमेंटला, अर्थिंगच्या पट्टीला आणि ओतणाऱ्याच्या हाताला मात्र खातं. मिठाबद्दल सांगलीकरांना मी काय सांगावं? क्षारपड जमीन कशी दिसते हे बघायला तुम्हाला लांब जावं लागत नाही, मग आपणच पोतं ओतून ती अंगणात का करावी? हिंग किंवा पारा भरण्याचा सल्लाही फिरत असतो. हिंग वाया जातो, आणि पारा विष आहे, तो मातीतून परत काढता येत नाही. डिझेल टाकून पेटवणं तर मुळीच नको. वरची आग विझल्यावरही मुळात निखारा दिवसचे दिवस धुमसतो आणि तुमच्याकडे वाटेत केबल असू शकते.

कायद्याचं एक. महाराष्ट्राच्या नागरी भागांतल्या झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा अधिनियम ‘झाड तोडणे’ यात जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं धरतो. मेलेल्या तिघांचा प्रश्न सुटलेला आहे. सुबाभूळ मात्र जिवंत आहे आणि तिच्या परवानगीबद्दल तुमच्या पत्रात काही नाही. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे फोटोसह साधा अर्ज देऊन मगच हात घाला. आंब्याच्या परवानगीचं पत्रही पुन्हा काढून वाचा. बदली झाडं लावण्याची अट अशा पत्रात बहुधा असते आणि ती लोक विसरतात.

राहिला आंबा. इथे मला तुमच्या यजमानांची बाजू घ्यावीशी वाटते, आणि ती केवळ भावनेपोटी नाही. तो घरापासून लांब, कोपऱ्यात आहे, तिथे गाडी जाणार नाही, फरशी येणार नाही, मशीनला बोळातून ओढत नेण्याचा खर्च वेगळा. काढण्याचं कारण काय, तर ‘काढायचेच आहेत तर सगळे काढू’. हे कारण नव्हे. फक्त एक तपासणी करा. भिरूड अजून आत आहे का? खोडावरच्या भोकांखाली ताजा भुसा पडलेला दिसतो का, ते झाडून काढा आणि आठवड्यानं परत बघा. पुन्हा भुसा आला तर आत अळी जिवंत आहे. भोकात तार घालून ती ओढून काढा. भोकं बरीच असतील आणि आसपास दुसरे आंबे असतील तर जमिनीवरचा भाग फोडून अळ्या नष्ट कराव्या लागतील, कारण यातून निघणारा भुंगा पुढचं झाड शोधतो. हे यजमानांना तुम्ही सांगा, मुलानं सांगितलं तर वाद होईल.

भुसा येत नसेल तर बुडखा गुडघ्याएवढा सपाट कापून बसायला ठेवा, किंवा त्यावर कुंडी ठेवा. पाच-सात वर्षं टिकेल, त्यानंतर आपोआप ठिसूळ होईल. लवकर कुजवायचा असेल तर इंचभर जाडीच्या ड्रिलनं चार-चार बोटांवर वीतभर खोल भोकं पाडा, त्यात शेणकाला, थोडा गूळ आणि मूठभर युरिया भरा आणि वर ओलं गोणपाट टाकून ठेवा. आंब्याला तरीही तीन-चार पावसाळे लागतील, बाभळीसारख्या लाकडाला याहून बरेच जास्त. वाळवीच्या मातीच्या नळ्या चढताना दिसतात का, हे बुडख्यावर नव्हे, घराच्या भिंतीवर बघा. तिथे नसतील तोवर काळजी नाही.

बदलीचा आंबा लावायचा झाला तर त्या बुडख्यापासून सहा-सात फूट बाजूला, १ × १ × १ मीटरचा खड्डा घेऊन. जुन्या जागेत मुळांची जाळी आहे आणि तिथे नत्रही ओढलं जाणार.

कामाचा मुहूर्त दिवाळीनंतरचा धरा. पावसाळ्यात मशीन काळ्या मातीत रुततं, एप्रिल-मेमध्ये तीच माती दगड होते आणि भेगांत पहार अडकते. आधी नारळ, कारण तो हातानं निघतो आणि तेच गडी सुबाभळीचं मूळही कापतील. मग पुढची खोदाई, मग मशीन अर्धा दिवस फक्त गुलमोहराला, मग मुरूम. मुलाला गाडीची जागा संक्रांतीच्या आत मिळेल.

आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर भिंतीच्या कडेनं एक फेरी मारा. सुबाभळीचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. चिंचेच्या पाल्यासारखी रोपं उगवलेली दिसतील, ती वीतभर व्हायच्या आत माती ओली असताना हातानं उपटा. तेव्हा ती मुळासकट येतात.